पाच पाड्यांची एक शाळा

पालघर जिल्ह्यातल्या खोडाळ्याच्या आसपासच्या कुठल्याही पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यासमोर आणावी. दोन खोल्या, पुढे पडवी, बाजूला पोषण आहाराची शेड, अंगणात झेंड्याचा खांब. मेअखेरच्या वावटळीत शेडचा पत्रा उडून शेतात जाऊन पडतो. पंधरवड्यात शाळा उघडणार आणि पाऊसही लागणार. पत्रा बसवायचा कोणी?

पालक गुरुजींकडे जातात. गुरुजींच्या हातात वर्षाचं ठरावीक अनुदान असतं आणि त्यातून खडू-फळ्यापासून वीजबिलापर्यंत सगळं भागवायचं असतं. सरपंच म्हणतात, इमारत जिल्हा परिषदेची आहे. मोखाड्याच्या पंचायत समितीत सांगतात, अर्ज द्या, अंदाजपत्रक करू. मंजुरी पालघरहून यायची, म्हणजे कागद जव्हार, विक्रमगड, मनोर ओलांडून जाणार आणि त्याच वाटेने परत येणार.

याच कोड्याची मोठी आवृत्ती शाळा बदलताना समोर येते. पाड्यावरची शाळा चौथी-पाचवीला संपते. मग जोगलवाडी, डोल्हारा, सायदे, किनिस्ते अशा गावांतली मुलं आपापल्या सोयीने मोठ्या गावातल्या शाळेकडे वळतात. शाळा एका गावात आणि मुलं पाच-सात गावांची, असं चित्र जव्हार-मोखाड्यात नवं नाही. अशा सामाईक शाळेचा खर्च ही गावं आपसात कशी वाटून घेतात आणि तिथला कारभार कोण ठरवतं?

वर्गणी नाही, तरीही सामाईक

सरळ उत्तर असं, की गावं खर्च वाटून घेतच नाहीत.

गावच्या जत्रेचा हिशोब सगळ्यांना पाठ असतो. उंबऱ्यामागे अमुक वर्गणी, ज्याने दिली त्याचं नाव वहीत, आणि वहीत नाव असलेल्याला खर्चाबद्दल विचारायचा हक्क. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शेजारशेजारची गावं मिळून शाळा चालवतात, ती बरीचशी याच तत्त्वावर. तिथली गावं करार करून एक प्रादेशिक शाळा-जिल्हा उभा करतात. कोणत्या गावातून किती मुलं येतात आणि त्या गावाची आर्थिक ऐपत किती, यावरून प्रत्येकाचा वाटा ठरतो. सामाईक समितीवर प्रत्येक गावाची माणसं असतात. अंदाजपत्रक गावांपुढे मंजुरीला जातं आणि दोनपेक्षा जास्त गावं असतील, तर दोन तृतीयांश गावांनी होकार दिल्यावर ते सगळ्यांवर बंधनकारक होतं. गावाचा पैसा मुख्यतः घरा-जमिनीवरच्या करातून येतो. त्यामुळे या सभांना गर्दी होते आणि भांडणंही होतात.

खोडाळ्याच्या शाळेत असं भांडण व्हायला जागाच नाही, कारण वहीत कुठल्याच गावाचं नाव नाही. १९६२ पूर्वी प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे असत. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ साली झाला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. खोडाळ्यापुरतं बोलायचं तर ही परिषद आधी ठाण्याची होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ती पालघरची. वसई आणि मोखाडा ही परिस्थितीची दोन टोकं आज एकाच परिषदेत बसतात.

म्हणजे शाळेपुरता ‘प्रदेश’ आपल्याकडेही आहे, पण तो पाच गावांचा नसून आठ तालुक्यांचा आहे. हे वाईटच म्हणता येणार नाही. मोखाड्यातल्या ग्रामपंचायतीची घरपट्टी ती केवढी! तेवढ्या उत्पन्नावर शाळा चालवायची म्हटली असती, तर दोन शिक्षकांचे पगारही निघाले नसते. गरीब गावाची शाळा गावाच्या गरिबीवर सोडायची नाही, हा या रचनेचा पाया आहे आणि तो भक्कम आहे.

पैसा येतो कुठून

शाळेच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा शिक्षकांच्या पगाराचा. तो राज्य शासन जिल्हा परिषदेमार्फत देतं. शिक्षकांच्या पदांची संख्या पटावर ठरते. दरवर्षी होणाऱ्या या पदनिश्चितीला ‘संचमान्यता’ म्हणतात. पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, असं प्रमाण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे.

दुसरा झरा समग्र शिक्षा योजनेचा. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असतात. शाळेला मिळणारं वार्षिक संयुक्त अनुदान यातूनच येतं आणि तेही पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० मुलांना २५,०००, १०१ ते २५० मुलांना ५०,००० आणि त्यापुढे आणखी टप्पे. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. पोषण आहारासाठी तांदूळ केंद्राकडून येतो आणि बाकीचा खर्च पुन्हा ६०-४० असा.

तिसरा झरा जव्हार-मोखाड्यासारख्या भागांचा खास आहे. हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून इथे ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा ‘पेसा’ कायदा लागू आहे. संसदेने तो १९९६ साली केला आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली आणले. एप्रिल २०१५ मध्ये राज्याने ठरवलं, की आदिवासी उपयोजनेच्या निधीतले पाच टक्के थेट या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना लोकसंख्येप्रमाणे द्यायचे. हा पैसा पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण आणि वनसंवर्धन यांवर खर्च करता येतो. कशावर करायचा हे ग्रामसभा ठरवते. शाळेच्या खर्चात ग्रामसभेला स्वतःच्या हाताने काही घालता येतं, ते मुख्यतः इथेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातलाही ८० टक्के हिस्सा ग्रामपंचायतींकडे आला, पण त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता.

उडालेला पत्रा आता पुन्हा बघावा. गुरुजी तो संयुक्त अनुदानातून बसवू शकतात, जर पैसे उरले असतील तर. ग्रामसभा पाच टक्के निधीतून बसवू शकते, जर आराखड्यात तसं काम असेल तर. जिल्हा परिषद दुरुस्तीच्या निधीतून बसवू शकते, जर यादीत नाव लागलं तर. तिघांनाही तो बसवता येतो, म्हणून तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतात.

> चौकट : एका शाळेचे वाटेकरी
>
> शिक्षकांचे पगार : राज्य शासन, जिल्हा परिषदेमार्फत
>
> वार्षिक अनुदान : समग्र शिक्षा (केंद्र ६०, राज्य ४०), खर्च शाळा व्यवस्थापन समितीमार्फत
>
> इमारत आणि मोठी दुरुस्ती : जिल्हा परिषद, काही कामं जिल्हा नियोजनाच्या निधीतून
>
> पाच टक्के पेसा निधी : ग्रामपंचायत, ग्रामसभेच्या ठरावाने
>
> आश्रमशाळा : आदिवासी विकास विभाग, जव्हार प्रकल्प कार्यालय

पाच शाळांचा हिशोब

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा विचार करून ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवले. जवळजवळच्या छोट्या शाळांची मुलं एका सुसज्ज शाळेत आणायची, अशी ही कल्पना. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण पुढे ठेवलं गेलं. त्या वेळी राज्यात एक ते वीस पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं शिकत होती. शिक्षक आणि पालक संघटनांनी कडाडून विरोध केला. चर्चा ‘शाळा बंद करणार की नाही’ याभोवतीच फिरत राहिली आणि हिशोब मागे पडला. तो मांडून बघण्यासारखा आहे.

समजा, पाच पाडे आहेत. प्रत्येकी एक शाळा आणि प्रत्येक शाळेत १८ मुलं, म्हणजे एकूण ९० मुलं.

आज शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणाने या पाच शाळांना दहा शिक्षक लागतात. एकत्र केल्या, की ९० मुलांना तीन. अनुदान आज पाच शाळांना मिळून ५०,००० रुपये येतं, एकत्र शाळेला २५,०००. पोषण आहाराच्या निकषात २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस आणि २६ ते १०० मुलांना दोन. म्हणजे आज पाच पाड्यांतल्या पाच बायकांना काम आहे, ते दोघींवर येईल. महाराष्ट्रात हे मानधन २०२३ पासून महिना २,५०० रुपये आहे. वर्षाला दहा महिने धरले, तर तीन घरांत मिळून येणारे ७५,००० रुपये थांबतील. शासनाच्या लेखी ही किरकोळ रक्कम. पाड्यावर ती किराण्याची उधारी असते.

नव्याने भर पडते ती वाहतुकीची. शाळा एका पाड्यावर राहिली, तर उरलेल्या चार पाड्यांची ७२ मुलं रोज आणावी-न्यावी लागतील. समग्र शिक्षेत वाहतुकीसाठी वर्षाला एका मुलामागे ६,००० रुपयांपर्यंत तरतूद होऊ शकते. सगळी मिळाली, तर ती ४,३२,००० रुपये होते. तरीही सात शिक्षकांच्या वर्षभराच्या पगारापुढे ती थोडीच आहे. म्हणजे शाळा एकत्र करण्यात शासनाची बचत आहे, हे खरं.

पण ती बचत कोणाच्या खिशात राहते? मॅसॅच्युसेट्समधली गावं शाळा एकत्र करतात, तेव्हा बचत त्यांच्याच करात दिसते. प्रवास कोणाच्या मुलांनी करायचा, हेही त्यांनीच करारात बसवलेलं असतं. खोडाळ्यात बचत मंत्रालयाची आणि गैरसोय पाड्याची. वाचलेल्या पगारातून त्याच शाळेला विज्ञानाची खोली, संगीताचा शिक्षक किंवा पावसात चालणारी गाडी मिळेल, असं बांधून देणारा नियम नाही. समूह शाळेला होणारा विरोध भावनिक आहे, असं म्हटलं जातं. हा हिशोब पाहिला, तर तो पुरेसा व्यवहारी वाटतो.

त्यात या मुलखाचा पाऊस. महाराष्ट्राच्या नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत हवी. डोंगर, पूर, दरड असा धोका असेल, तर मुलांना तो ओलांडावा लागू नये, अशा जागी शाळा असावी, असंही नियम सांगतो. मोखाड्यात जुलैमध्ये एक किलोमीटर म्हणजे काय, ते नकाशावर कळत नाही. मध्ये एक ओहोळ असला, की अर्धा किलोमीटरही दूर पडतो.

आश्रमशाळा : आधीच झालेला प्रयोग

खरं तर अनेक पाड्यांची एक शाळा हा प्रयोग इथे पन्नास वर्षं चालू आहे. १९७२-७३ पासून महाराष्ट्राने आदिवासी भागात क्षेत्रविकासाच्या कल्पनेतून शासकीय आश्रमशाळा उघडल्या. परिसरातल्या वाड्या-पाड्यांसाठी एक निवासी शाळा, तिथेच जेवण, कपडे, पुस्तकं. खोडाळ्याजवळ सूर्यमाळला अशी शाळा आहे. या शाळा शिक्षण विभागाच्या नाहीत. १९८३ मध्ये स्वतंत्र झालेल्या आदिवासी विकास विभागाच्या आहेत आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या तालुक्यांचा कारभार जव्हारच्या प्रकल्प कार्यालयातून चालतो.

अंतराचा प्रश्न आश्रमशाळेने मुलाला तिथेच ठेवून सोडवला. ज्या घरात दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर जातात, तिथे ही शाळा मुलाचं शिक्षण टिकवते. तिच्यावर टीका करताना हे विसरून चालणार नाही. पण सहा-सात वर्षांचं लेकरू घरापासून महिनोन्‌महिने दूर राहतं, ही किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. आणि पालक शाळेपासून जितका लांब, तितका तिच्या कारभारापासूनही लांब.

परिणामी खोडाळ्याच्या टापूत दोन समांतर व्यवस्था आहेत. एकीची वाट मोखाड्याहून पालघरला जाते, दुसरीची जव्हारहून ठाण्याच्या अपर आयुक्तांकडे आणि पुढे नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे. एकाच घरातली थोरली मुलगी आश्रमशाळेत आणि धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो. दोघांच्या शाळा वेगळ्या खात्यांच्या आणि वेगळ्या हिशोबांच्या.

समितीवर कोण बसतं

कारभारात पालकांना जागा दिली ती शिक्षण हक्क कायद्याने. २००९ साली झालेला हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला हव्यात. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. समिती अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवते आणि शाळा विकास आराखडा तयार करते.

पाड्यावरच्या छोट्या शाळेत ही समिती चांगली चालू शकते. सगळे एकमेकांना ओळखतात, मीटिंग शाळेच्या पडवीत भरते, हजेरीवहीवर काही सह्या तर काही अंगठे पडतात. तांदळाची गोणी कधी आली आणि किती राहिली, हे स्वयंपाक करणाऱ्या मावशीच सांगतात.

शाळा सामाईक झाली, की अडचण सुरू होते. दुर्बल आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्यात, असं कायदा सांगतो. पाच गावांची मुलं असतील तर प्रत्येक गावाचा निदान एक पालक असावा, असं तो सांगत नाही. पालक सभा शाळेच्या गावात भरणार. दोन डोंगर पलीकडून मजुरी बुडवून आई येणार कशी? स्थानिक संस्थेचा प्रतिनिधीही शाळा जिथे आहे तिथलाच असणार. मुलं पाच गावांची असली, तरी समिती हळूहळू एका गावाची होते.

शाळांचा शेजार जोडायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने ‘शाळा संकुला’ची कल्पना मांडली. माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी वाचनालय, साहित्य, शिक्षकांचं ज्ञान वाटून घ्यावं, असा त्याचा अर्थ. आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात दहाएक शाळांमागे एक केंद्रशाळा आणि एक केंद्रप्रमुख, अशी ४,८६० केंद्रं उभी राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा संकुल पुन्हा आलं. पण केंद्रात जमतात ते शिक्षक. तिथे शिक्षण परिषद होते, अहवाल गोळा होतात. दहा गावांचे पालक एकत्र बसून दहा शाळांचा विचार करतील, अशी खुर्ची तिथे मांडलेलीच नाही.

पाणी योजनेत जमतं ते

ही खुर्ची मांडायला नवा कायदा लागत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात, दोन किंवा अधिक संस्थांचा समाईक संबंध असेल अशा कामासाठी त्यांनी संयुक्त समिती नेमावी, अशी तरतूद आहे. तिचा उपयोग शाळेसाठी फारसा होत नाही, एवढंच.

पाण्यासाठी मात्र महाराष्ट्रातल्या गावांनी असं काम केलेलं आहे. अनेक गावांच्या प्रादेशिक नळ योजनांमध्ये प्रत्येक गावाची समिती असते आणि वर सगळ्या गावांची मिळून शिखर समिती. कोणत्या गावाने किती पाणी घेतलं, वीजबिलाचा कोणाचा किती वाटा, फुटलेली जलवाहिनी कोणाच्या हद्दीत, हे तिथे ठरतं. अनेक योजना थकबाकीत बुडाल्या, हेही खरं. तरी वाद घालायला एक टेबल असतं आणि त्या टेबलावर प्रत्येक गावाचं माणूस असतं.

सामाईक शाळेसाठी याच धर्तीची समिती केली, तर तिच्यापुढे पगार किंवा नेमणुका यायच्या नाहीत. ते वरच राहतील आणि राहावेत. तिच्यापुढे गाडीची वेळ आणि वाट, ओहोळावरचा साकव, समितीतल्या गाववार जागा, एवढं आलं तरी पुष्कळ. पाच ग्रामसभांनी आपापल्या पाच टक्के निधीतला थोडा भाग पटाच्या प्रमाणात शाळेकडे वळवायचा ठराव केला, तर वहीत पहिल्यांदाच गावांची नावं येतील. शाळा एकत्र करायची की नाही, हा निर्णयही मग त्याच टेबलावर व्हावा आणि त्यात वाचणाऱ्या पैशाचं काय होणार, हे लेखी मागून घ्यावं. आधी कारभार वाटून घ्यायचा आणि मग इमारत, हा क्रम उलटा झाला की पाडे विरोधात जातात.

दिवाळीच्या आत

एक अडचण मात्र दिनदर्शिकेची आहे. शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार व्हावा, अशी अपेक्षा असते. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालते. कागदावर हे महिने सोयीचे आहेत. मोखाड्यात मात्र भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. या स्थलांतरात मुलांची शाळा सुटू नये म्हणून विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालवल्या. पुढे शासनाने हंगामी वसतिगृहं आणि स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आणलं, म्हणजे मूल जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. मुलांसाठी एवढा विचार झाला. पालकांच्या मताचा झाला नाही. आराखडा लिहायची वेळ येते, तेव्हा समितीतले निम्मे पालक गावातच नसतात.

लावणी उरकलेली असते आणि माणसं घरी असतात, ती १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आणि त्यानंतर २ ऑक्टोबरच्या. शाळेचा आराखडा या दोन सभांच्या मध्ये लिहायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही. खोडाळ्याच्या टापूतल्या शाळा आणि ग्रामपंचायतींनी एवढी एक गोष्ट मिळून ठरवली, तर उडालेल्या पत्र्याचं काम पुढच्या मेआधी कुणाच्या तरी यादीत नावानिशी लागेल.